मोघे साहेबांचा मुका दिवस

रेवा, परवा तू फोनवर अक्षरशः किंचाळलीस, "आजी, मला कन्सल्टिंग फर्ममध्ये नोकरी लागली!" मागून धाकट्या ओमच्या टाळ्याही ऐकू आल्या. मग तू आवाज जरा खाली आणलास आणि समजावणीच्या सुरात म्हणालीस, "म्हणजे बघ आजी, लोकांनी आपला धंदा कसा चालवावा, ते आम्ही त्यांना सांगायचं. तुला जरा विचित्रच वाटेल." मी "बरं बरं" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर एकटीच पोटभर हसले. तुम्हा दोघांना ठाऊक नाही, पण तुमची ही आजी उज्जैनच्या पहिल्या कन्सल्टिंग फर्ममध्ये सहा वर्षं नोकरीला होती. पहिली हे आमचं म्हणणं. दुसरी कोणी पाहिली नव्हती, एवढं मात्र खरं.

तुला विचित्र वाटू नये म्हणून मोघे साहेब कसे होते ते लिहून पाठवते आहे. ओमला वाचून दाखव. त्याचं मराठी वाचन कुठवर आलंय, हे मला माहीत आहे.

ते दिवस मोठे गमतीचे होते. देशाचं आर्थिक धोरण नुकतंच बदललं होतं. रोज सकाळी वर्तमानपत्रात नवा शब्द असे आणि तुमचे आजोबा बँकेत जाण्याआधी तो मला विचारत. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, पण त्या शब्दांचे अर्थ माझ्या शब्दकोशात नव्हते. गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या. ज्याला त्याला वाटायचं, आता आपल्या गावातही काहीतरी मोठं येऊन धडकणार. तेवढ्यात माधवनगरात, एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांबाहेर पाटी लागली: ‘मोघे अँड असोसिएट्स, मॅनेजमेंट कन्सल्टंट्स’. मोघे म्हणजे साहेब स्वतः. असोसिएट्स म्हणजे टायपिस्ट दुबेजी. दोन महिन्यांनी त्यांत मीही आले, आणि पाटीवरचं अनेकवचन खरं झालं.

मी गेले ती इंग्रजी रिपोर्ट लिहिणारं माणूस हवं अशी जाहिरात वाचून. वय बेचाळीस, मुलीचं शिक्षण संपत आलेलं, आयुष्यातली पहिलीच मुलाखत. सर्टिफिकिटांची फाइल मी रिबीन बांधून नेली होती. साहेबांनी ती उघडलीही नाही. गळ्यातल्या काळ्या दोरीचं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "समोरच्या शेवेच्या दुकानापुढे तासभर उभ्या राहा. काय दिसलं ते येऊन सांगा."

तासाभराने मी दोन पानं झकास इंग्रजी लिहून आणलं. त्यांनी वाचलं, मान हलवली.

"भाषा छान आहे, पटवर्धन बाई. तो दुकानदार गल्ल्यावरून किती वेळा उठला?"

"एकोणीस वेळा," मी म्हटलं. "दर वेळी सुतळीसाठी. सुतळीचा गुंडा मागच्या खिळ्याला आहे."

"हे कुठे लिहिलंय?"

"ते... लिहिण्यासारखं वाटलं नाही."

"तेवढंच लिहायचं असतं," साहेब म्हणाले. "उद्या दहाला या." आणि स्वतः जिना उतरून दुकानदाराला सांगून आले की सुतळी पुढे टांग. ही आमची पहिली कन्सल्टन्सी. फी म्हणून पुडाभर लवंगी शेव आली, ती दुबेजींनी खाल्ली.

साहेब अंगाने काटक, उंच, बारा महिने राखी सफारीत. तीस वर्षं ते कापडाच्या गिरणीत होते. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे यंत्रांशेजारी उभं राहून मोजणं हीच त्यांची नोकरी. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांनी आठवण म्हणून फक्त ते स्टॉपवॉच मागून घेतलं. स्कूटरच्या मागे एक घडीचं स्टूल कायम बांधलेलं असे. घरी मोघेवहिनी पोळ्या करताना ते स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसले होते म्हणे, तेव्हा वहिनींनी लाटणं उगारलं होतं. ही गोष्ट ते स्वतःच सांगत आणि शेवटी म्हणत, "लाटणं उचलायला पाऊण सेकंद."

त्यांचे दोन नियम होते, आणि ते दोन्ही आम्हाला वेदवाक्य. पहिला नियम मुक्या दिवसाचा. कुठेही कामाला गेलं की पहिला दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही. "आपण बोललो की लोक आपल्याला हवं तसं वागायला लागतात. गप्प बसलं की तासाभरात विसरतात." दुसरा नियम, रिपोर्ट हातात देईपर्यंत तिथला चहा घ्यायचा नाही. "चहा घेतला की डोळ्यांना साखर लागते." म्हणून ते थर्मास घेऊन जात. उज्जैनमध्ये चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडणच काढणं. किती गिऱ्हाइकं त्यापायी रुसली, त्याची गणती नाही. दुबेजी तर म्हणत, "सर, नापना बाद में, पहले चाय पी लो, धंधा बढ़ेगा!" साहेब थर्मासचं झाकण घट्ट करत.

गावाला कन्सल्टंट म्हणजे काय ते कळतच नसे. एकदा राम घाटावरचे एक पंडितजी जिना चढून आले आणि म्हणाले, "सुना है आप भी सलाह देते हैं. हमारी तो चौदह पीढ़ियाँ यही कर रही हैं." आमच्यावर हसायला आले होते, पण त्यांची एक अडचण होती. यजमानांच्या वंशावळीच्या वह्या त्यांच्याकडे ढिगाने, आणि यात्रेकरू वाढत चाललेले. नाव लवकर सापडावं म्हणून काही नवी युक्ती आहे का? दुबेजी खुर्चीतून उठलेच, "कंप्यूटर!" कारण आमच्याकडे नुकताच कंप्यूटर आला होता. काय कौतुक त्याचं! मोघेवहिनींनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ मात्र आत फोडला तर यंत्र हादरेल म्हणून जिन्यात फोडला. चपला बाहेर काढून आम्ही त्याच्यापुढे बसायचो. मी चौपन्न शब्दांचं पहिलं पत्र त्यावर टाइप केलं, त्या दिवशी घरी येऊन शिरा केला होता.

साहेबांनी मात्र घाटावर स्टूल टाकलं आणि एक दिवस मुकाट बसले. यात्रेकरू यायचा, गाव सांगायचा, जात आणि आडनाव सांगायचा, आणि पंडितजींचा हात न बघता बरोबर वहीवर पडायचा. संध्याकाळी साहेबांनी मला एका ओळीचा रिपोर्ट सांगितला: ‘काहीही बदलू नये.’ पंडितजींनी तो मोठ्याने वाचला आणि साहेबांना मिठी मारली. परत येताना साहेब स्कूटरवरून ओरडून सांगत होते, "पटवर्धन बाई, एवढा शहाणा रिपोर्ट मी गिरणीत कधी दिला नव्हता!" त्यांना असं लहान मुलासारखं खूश व्हायला फार थोडं लागे.

आता मुख्य गोष्ट.

मक्सी रोडवर पोह्यांचा एक कारखाना होता. मालकांना सगळे सेठजी म्हणत. तिथे सव्वीस बायका ओळीने बसून पोहे सुपात पाखडायच्या, काळे दाणे आणि फोलपट निवडायच्या, मग पिशव्या भरून बंद करायच्या. प्रत्येकीला नंबराचा पितळी बिल्ला. सेठजींना आता परदेशी यंत्र आणायची घाई झाली होती, कारण आता ते आणता येत होतं. पाखडणं, निवडणं, भरणं, सगळं एकाच यंत्रात. मुंबईची एक मोठी कन्सल्टिंग फर्म त्यांना ते यंत्र सुचवत होती. पण सेठजी सावध. म्हणाले, "पहले मोघे साहब नाप के बताएँ, हाथ तेज़ है कि मशीन." मुंबईवाल्यांनीही कळवलं की मोघ्यांचं काम नेटकं झालं तर माळव्यात ते आमच्याशी भागीदारी करतील. पाटीवर त्यांचं नाव येईल! दुबेजींनी नव्या पाटीचा नमुना कंप्यूटरवर काढून भिंतीला लावूनही टाकला.

साहेब सणासुदीला कधी मोजत नसत. सणाला हात वेगळे चालतात, म्हणत. म्हणून आधी कॅलेंडर पाहिलं. आमच्या ऑफिसात पुण्याच्या माझ्या वहिनीने पाठवलेलं मराठी कॅलेंडर होतं. "गुरुपौर्णिमा झाली," साहेब बोट फिरवत म्हणाले. "श्रावण लागायला पंधरा दिवस आहेत. हा पंधरवडा कोरा. मोजून घेऊ." आणि दोनच दिवसांनी आम्ही गेलो. पहिला दिवस मुका. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी फक्त स्टॉपवॉच. बायकांचे पदर नाकापर्यंत ओढलेले, चेहरे धड दिसत नसत; मी बिल्ल्याच्या नंबरापुढे सेकंद लिहीत होते आणि सवयीप्रमाणे बारीकसारीक टिपणंही. सोमवार यायच्या आत आमचं मोजून झालंदेखील. हिशेब स्पष्ट होता: यंत्र पुष्कळ तेज, म्हणजे सव्वीस जणी घरी. साहेबांना ते आवडलं नाही, पण आकड्यांपुढे ते कधी स्वतःचं मन आणत नसत. रिपोर्ट तयार झाला. इंदूरहून सोनेरी अक्षरांची बाइंडिंग करून आणली. मुंबईहून दोघे जण यायची तारीख ठरली.

राखी होऊन गेल्यावर मी रिपोर्टाच्या शेवटी जोडायची बायकांच्या नावांची यादी तपासायला कारखान्यात गेले. सात नंबरच्या बिल्ल्यापुढे माझं टिपण होतं: ‘डावखुरी. सूप दोनदा हातून निसटले.’ आणि समोर सात नंबरची कमलाबाई उजव्या हाताने असं सूप झुलवत होती की पोहे हवेत पडदा धरायचे आणि फोलपट आपोआप बाजूला उडायचं. मी बघतच राहिले.

"कमलाबाई, तुम तो बाएँ हाथ से करती हो ना?"

"नहीं तो दीदी! बाएँ हाथ वाली मेरी देवरानी है."

"पण बिल्ला तर सात नंबरचाच होता!"

"हाँ, मेरी जगह बैठी थी. मैं तो पीहर गई थी. सावन लग गया था ना."

"सावन? तेव्हा श्रावण कुठे लागला होता?"

सगळी ओळ खो खो हसायला लागली. कमलाबाई सूप खाली ठेवून म्हणाली, "दीदी, आप मराठी लोगों का सावन तो पंद्रह दिन लेट आता है!"

मुलांनो, हे नीट समजून घ्या. आपला महिना अमावास्येला संपतो, इथल्या हिंदी लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी त्यांचा श्रावण सुरू होतो, आपला पंधरा दिवसांनी. आणि श्रावणात माळव्यातल्या बायका माहेरी जातात. अर्ध्या पहिल्या पंधरवड्यात, अर्ध्या दुसऱ्यात. आधी जायचा मान जुन्या, मुरलेल्या बायकांचा. त्यांच्या जागी जावा, नणंदा, लेकी बिल्ला घेऊन बसतात, ज्यांनी सूप जेमतेम धरलेलं असतं. सव्वीसपैकी तेरा जणी आम्ही अशा मोजल्या होत्या. आणि कोणालाच एक शब्द विचारला नव्हता, कारण आमचा पहिला दिवस मुका! चहा घेतला असता तर पहिल्या घोटाला कळलं असतं.

मी रिक्षाने तडक ऑफिसात आले. साहेब नवी टाय बांधायची रंगीत तालीम करत होते, दुबेजी आरसा धरून उभे. मी सगळं सांगितलं. साहेबांनी टाय सोडली, उठून भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि गुरुपौर्णिमेवर बोट ठेवलं.

"साठ वर्षं या गावात काढली," ते म्हणाले. "दर वर्षी महाकालाची श्रावणातली सवारी आपल्या श्रावणाच्या आधी निघते, हे डोळ्यांनी बघतो. आणि तरी!"

"सर," दुबेजी कळवळून म्हणाले, "अब तो बाइंडिंग भी हो गई!"

"बाइंडिंग उत्तम झालीय, दुबे. आत भलत्याच बायका आहेत."

मीटिंग सेठजींच्या ऑफिसात झाली. मुंबईचे दोघे पोरगेलेसे, हुशार, एक तर मराठीच, सबनीस नावाचा. पोह्यांच्या बशा आल्या. साहेब उभे राहिले, सोनेरी रिपोर्ट टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "सेठजी, ये मैं वापस लेता हूँ. मैंने ग़लत औरतें नापीं."

सेठजींचा मुनीम फिसकन हसला. सेठजी हसले नाहीत. "मोघे साहब, मशीन का एडवांस भेजने वाला हूँ मैं! आप मज़ाक कर रहे हो?"

साहेबांनी दोन श्रावण समजावून सांगितले. सबनीस इंग्रजी ढंगाने खांदे उडवून म्हणाला, "सर, असले स्थानिक फरक सरासरीत जिरून जातात."

"कागदावर जिरतात हो," साहेब म्हणाले. "कमलाबाई कुठे जिरेल?"

सेठजींनी बशी पुढे सरकवली, पुन्हा मागे घेतली. शेवटी म्हणाले, "आठ दिन. उससे एक दिन ज़्यादा नहीं." मुंबईवाले दुपारच्या गाडीने परत गेले. निघताना त्यांनी भागीदारीचं नावही काढलं नाही.

ते आठ दिवस! इतका आनंद मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता. पहिल्या सकाळी साहेब कारखान्याच्या अंगणात शिरले, स्टूल टाकलं आणि मोठ्याने म्हणाले, "चाय मिलेगी?"

बायकांची सुपं जागच्या जागी थांबली.

"अरे, ये तो बोलते हैं!" एकजण म्हणाली. मग उलगडा झाला. मागच्या वेळी त्यांनी साहेबांना मुकंच समजलं होतं. आपसांत त्यांचं नाव ठेवलं होतं ‘गूँगे साब’. बिचाऱ्याला वाचा यावी म्हणून कमलाबाईच्या जावेने सोमवारी महाकालाला बेल वाहून नवससुद्धा बोलला होता. "देखो, भोलेनाथ ने सुन ली!" ती डावखुरी जाऊ टाळ्या पिटत म्हणाली; राखीनंतर काम सोडून गेलेल्या एकीचा बिल्ला तिला कायमचा मिळाला होता. साहेब इतके हसले की चहा सफारीवर सांडला. मग प्रत्येकीचं नाव विचारलं, गाव विचारलं, किती वर्षं काम करते ते विचारलं. मी लिहीत होते. माझी वही पहिल्यांदाच सेकंदांआधी माणसांनी भरली.

मग मोजायला सुरुवात झाली, आणि काय सांगू! कमलाबाई, तिच्या शेजारची रामकन्या, टोकाची म्हातारी गेंदाबाई, यांच्या सुपांवर स्टॉपवॉचचा काटा लाजला. साहेबांनी जाड्या आणि पातळ पोह्यांचं वेगळं मोजलं. देवासला एका कारखान्यात तसंच यंत्र चालू होतं, तिथे ते स्वतः स्कूटरवर जाऊन आले आणि पिशवीभर पोहे घेऊन आले. पातळ पोह्यांचा यंत्राने चुरा केला होता. साहेबांनी तो चुरा सेठजींच्या टेबलावर ओतला आणि शेजारी कमलाबाईच्या सुपातले पोहे ठेवले, एकेक पाकळी अखंड. बोलले काहीच नाहीत. बहुधा तो त्यांचा शेवटचा मुका दिवस.

सेठजींनी दोन्हींत हात घालून पाहिला. मग म्हणाले, "पैकिंग की मशीन तो लूँगा."

"ज़रूर लीजिए," साहेब म्हणाले. "लेकिन चलाएगी कौन? इन्हीं में से आठ को सिखाइए."

पिशव्या बंद करायचं छोटं यंत्र आलं. त्यावर आठ जणी बसल्या, त्यांत ती डावखुरी जाऊ पहिली. आता अठरा जणींनीच पाखडायचं, म्हणून सुपावर फक्त मुरलेले हात उरले. सव्वीसमधली एकही घरी गेली नाही.

आणि आमच्या नव्याकोऱ्या फॅक्सवर आलेला पहिला कागद मुंबईचा होता: सध्या भागीदारीचा विचार नाही, शुभेच्छा. दुबेजींनी भिंतीवरचा पाटीचा नमुना हळूच उतरवला. साहेबांनी तो फॅक्स नीट फाइलला लावला आणि म्हणाले, "छपाई मात्र काय स्पष्ट येते, नाही?" दुसऱ्या दिवशी ते बाजारातून एक हिंदी पंचांग घेऊन आले आणि मराठी कॅलेंडरशेजारी खिळा ठोकला. पुढे कोणतंही काम आलं की दोन्ही पानं एकदम उलटायची, असा नियम झाला. थर्मास त्यांनी मला देऊन टाकला. तो अजून माझ्याकडे आहे, त्यात मी तुळशीचा काढा ठेवते.

रेवा, तुझ्या जन्माच्या वेळी मी तुझ्या आईकडे यायला निघाले, तेव्हा नोकरी सोडली. जायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला ऑफिसात गेले तर दुबेजी म्हणाले, "सर तो पोहे वालों के यहाँ हैं. आजकल कभी भी चले जाते हैं." हिंदी श्रावण दोन दिवसांवर आला होता. मी मक्सी रोडला गेले.

अंगणात बायकांचं रिंगण झालं होतं. मध्ये साहेब त्यांच्या घडीच्या स्टुलावर, मांडीवर सूप, छातीवर कमलाबाईचा सात नंबरचा बिल्ला, सफारीच्या बाह्या वर केलेल्या. माहेरी जाण्याआधी बायका त्यांना पाखडायला शिकवत होत्या. पोहे उडून त्यांच्या केसांत, खिशात, चष्म्यावर, सगळीकडे पडत होते, सुपात मात्र फोलपट तेवढं शिल्लक राहत होतं. बायका हसून हसून एकमेकींवर कोसळत होत्या. कमलाबाई त्यांच्यासमोर ताठ उभी होती, काळी दोरी गळ्यात, स्टॉपवॉच मुठीत.

"साब, टैम हो गया!" ती ओरडली.

साहेबांनी मान वर केली. मी दिसले तसा पोह्यांनी भरलेला हात हलवला.

"पटवर्धन बाई, लिहून घ्या! सात नंबर, फार हळू!" ते ओरडले, आणि पुन्हा सूप झुलवू लागले.